गाऱ्हाण्यात मी ‘वगैरे’ म्हटलं

इथल्या जुन्या लोकांना माझा आयडी पाठ असेल. या अमानवीय अनुभवांच्या धाग्यावर मी आजवर आले ती फक्त भांडायला. कुणाला घाटात पांढरी साडी दिसली की मी विचारायचे, धुकं होतं का? जेवून किती वेळ झाला होता? एकांनी तर वैतागून लिहिलं होतं, “ताई, तुम्हाला एकदा काहीतरी दिसायलाच हवं.” घ्या, झालं तुमच्या मनासारखं. पण दिसलं काही नाही... ऐकू आलं. आणि जे ऐकू यायला हवं होतं, ते आलं नाही. भीती वगैरे मला अजिबात वाटलेली नाही हे आधीच सांगते. मला राग आलेला आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी वर्षा. रत्नागिरीत नाचणे रोडला फ्लॅटमध्ये राहते, मी आणि आई, दोघीच. नोकरी खासगी, कामाला शिस्त लागते अशी. आई गुहागरकडची. तिच्या हाताला जी चव होती ती लिहून ठेवायची म्हणून मी एक वेबसाईट काढली होती. मोठं काही नाही. स्वतःच्या नावाचं डोमेन, आईचा एक फोटो, आणि पाककृती. पण आईला “एक वाटी, दोन चमचे” असं सांगता यायचं नाही. “हाताला लागेल तेवढं घाल गो,” हे तिचं माप. मग मी लिहायचं सोडलं आणि ती ओट्याशी उभी असताना फोनवर तिचं बोलणंच रेकॉर्ड करायला लागले. बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, सांदणं, पातोळे... जे करेल ते. मधेच ती मला शिव्या द्यायची, शेजाऱ्यांच्या चहाड्या सांगायची, तेही सगळं त्यात. रेकॉर्डिंग साठली की एकदम साईटवर चढवायची. परत ऐकत कुणी बसायचं? आई समोर होतीच की.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, हो-नाही मान हलवून सांगते, पण शब्द येत नाहीत. तोंडातून नुसता “अँ” निघतो आणि मग तिचे डोळे भरतात. डॉक्टर म्हणाले की वय बघता आहे हेच पुढे राहील.

त्यानंतर ती साईट म्हणजे आईचं बोलणं झाली. दुपारी जेवण झालं की ती डाव्या हाताने टॅबकडे बोट दाखवायची. मी लावून द्यायचे. एकामागून एक सगळी रेकॉर्डिंग ती ऐकायची, आणि ऐकताना तिचे ओठ हलायचे. शब्दाला शब्द. आवाज टॅबमधून यायचा आणि ओठ इथे हलायचे. दाराबाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की बाई मस्त गप्पा मारतेय. तेवढा वेळ ती आजारी नसायची.

आता तो दिवस. सुट्टी होती, मी भांडी आवरत होते. बाहेर येऊन बघते तर आई टॅबची काच पदराने पुसतेय. जोरजोरात. मला वाटलं काही सांडलं. जवळ जाऊन बघितलं तर साईटवर आईच्या फोटोच्या जागी एक अर्धनागडी बाई, भोवती गरगर फिरणारी नाणी, आणि ‘रमी खेळा, लाखो जिंका’. दुसरं पान उघडलं — तेच. तिसरं उघडलं — तेच. आणि आई ती घाण पदराने पुसून काढायला बघत होती. खालून तिचं बोलणं निघेल म्हणून.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. कोण असेल तो मेला, कुठल्या देशात बसला असेल, त्याला काय मिळालं? माझ्या साईटवर दिवसाकाठी माणसं येऊन येऊन येणार किती? चार बायका, तिखल्यात त्रिफळं कधी घालायची ते विचारायला. त्यांच्यात कोण रमी खेळणार होतं?

ज्या कंपनीकडे साईट ठेवली होती तिच्याशी चॅट केलं. समोरून गोड गोड उत्तर, “आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.” काय समजता हो? सगळ्या फाइल्स पुसून त्यांच्या जागी जुगाराची पानं भरलेली, आणि हे सांगतात, आपल्या प्लॅनमध्ये बॅकअप समाविष्ट नाही! जुना फोन मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता, साईटवर आहेच की सगळं, या भरवशावर. पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी व्यवस्थित नोंदवून घेतली. पण ज्या चोराला नाव नाही, गाव नाही, त्याला ते तरी कुठून धरणार?

मारुती मंदिर चौकात मंदार म्हणून एक जण आहे, दुकानांच्या वगैरे वेबसाईट करतो. त्याच्याकडे गेले. त्याने मन लावून काम केलं, हे कबूल करायला हवं. माझ्या नावाखाली भलताच कुणीतरी ॲडमिन होऊन बसला होता, त्याला काढलं. सगळे पासवर्ड बदलले. जुनी जागा सोडून दुसऱ्या कंपनीकडे नवीन कोरी साईट मांडली. इंटरनेटवर जुन्या पानांच्या नकला साठवून ठेवणारी ठिकाणं असतात, तिथून माझं लिखाण बरंचसं उचलून आणलं. फोटोही थोडे मिळाले.

“आणि आवाज?” मी विचारलं.

“ताई, त्या नकलांमध्ये ऑडिओ साठवत नाहीत. आणि सर्व्हरवर एक फाइल शिल्लक नाही. आडातच नाही तर मी पोहऱ्यात कुठून आणू?”

“म्हणजे ज्यासाठी साईट होती ते सोडून बाकी सगळं आणलंस.”

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी ऑडिओचं ते फोल्डर स्वतः उघडून बघितलं. रिकामं. हे लक्षात ठेवा, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

घरी आई दुपारी टॅबकडे बोट दाखवायची आणि मी म्हणायचे, “दुरुस्तीला दिलंय गं.” काही दिवसांनी तिने बोट दाखवणं सोडलं. जेवून ती भिंतीकडे तोंड करून निजायला लागली. ओठ मिटलेले. मी समोर जाऊन बसले तरी डोळे उघडायची नाही.

त्याच सुमारास वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे काका, तिला बघायला आले. आमचं मूळ गाव हातखंब्याच्या पुढे, आत. नाव देत नाही, गावच्या लोकांना आवडायचं नाही. काका तिथे शेती करतात, आणि ग्रामदेवी वाघजाईच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे, तो सध्या त्यांच्याकडे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते : गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर मोठ्याने मांडलेली तक्रार. एक जण बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे “होय म्हाराजा” म्हणून दुजोरा देतात. गाय हरवली, लग्न अडलं, नळाला पाणी नाही... काहीही चालतं.

काकांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काय गो, ही अशी कनाला पडलीय? आन तुजा तोंड असा कनाला?”

मी सगळं सांगितलं. वेबसाईट म्हणजे काय ते त्यांना कितपत कळलं देव जाणे.

“म्हंजे वयनीचा बोलणा चोरीस गेला.”

“हो.”

“मग गाऱ्हाना घालूया. चोरी झाल्यावर आमी दुसरा काय करतो?”

“काका, ते कंप्युटरमधलं आहे.”

“देवीला काय गो कंप्युटर आन काय कोयता! गेली वस्त ती गेली वस्त.”

मी नाहीच म्हणणार होते. पण आईने डोळे उघडले होते. काकांकडे बघून तिने मान हलवली — हो. झालं! नास्तिकाची आई हो म्हणाली की नास्तिकाला जावं लागतं.

शेजारच्या वहिनींना आईजवळ बसवून मी स्कूटरने गेले. ऊन मी म्हणत होतं. देऊळ सड्यावर, चहूकडे नुसता तापलेला कातळ, मोबाईलला एक काडी रेंज नाही. गुरव पूजा करून गेलेला. देवळात मी आणि काका, तिसरं माणूस नाही. म्हणजे “होय म्हाराजा” म्हणायला मी एकटी.

काकांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि एकदम वेगळ्याच खणखणीत आवाजात सुरू केलं. “हे आई वाघजाई, चारी शिवांची तू राखनकर्ती! आज ही तुजी लेक तुज्या पायाशी उभी हाय...”

“होय म्हाराजा,” मी दात-ओठ खात म्हटलं.

“कोन्या वैऱ्यान हिच्या आयचा बोलणा चोरून नेलान. ता जिथं असंल तिथनं उचल, आन हिच्या पदरात घाल!”

“होय म्हाराजा.”

मग ते थांबले आणि माझ्याकडे वळले. “आता नावं घे. काय काय गेला? एकेक सांग, मी पुढं घालतो.”

“सगळंच गेलं.”

“सगळा म्हंजे काय? नाव घेतल्याबिगर देवी शोधील काय?”

मी सांगायला लागले. बांगड्याचं तिखलं. कुळथाची पिठी. फणसाची सांदणं. आठळ्यांची भाजी. ओल्या काजूची उसळ... मी हळू सांगायचं, काकांनी ते मोठ्याने देवीला सांगायचं, आणि परत मीच “होय म्हाराजा” म्हणायचं. घामाच्या धारा. आपण हे काय करतोय, असं मनात. एक कोळंबीचं होतं, त्याला आई काय म्हणायची ते काही केल्या आठवेना. “ते मेलं सुंगटांचं!” मी चिडून म्हटलं. काकांनी तेही तसंच्या तसं देवीपुढे घातलं. मला हसायलाही आलं नाही. अजून बरीच नावं घेतली आणि मग माझा धीर संपला.

“...वगैरे,” मी म्हटलं.

“वगैरे म्हंजे?”

“म्हणजे बाकीचं उरलंसुरलं. काका, आटपा हो. आई घरी आहे.”

“असा नाय चालत गो. उरल्यासुरल्याला नाव हाय ना?”

“मला नाही आठवत! म्हणा तुम्ही वगैरे!”

मी देवीच्या पुढ्यात ओरडले.  काकांनी डोळे मिटले आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, “आन वगैरे!”

“होय म्हाराजा,” मी म्हटलं आणि बाहेर येऊन स्कूटरला किक मारली. प्रसादालासुद्धा थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मंदारचा फोन आला, मी कामावर होते.

“ताई, मिळाली का हो तुम्हाला रेकॉर्डिंग? आधी सांगायचं ना. पण फाइलना अशी नावं कशाला दिलीत?”

“कसली रेकॉर्डिंग?”

“तुम्हीच चढवलीत ना साईटवर?”

मी रजा टाकून सरळ त्याच्या दुकानात गेले. ते फोल्डर, जे मी रिकामं बघितलं होतं, त्यात फाइल्स होत्या. मराठीत नावं. बांगड्याचं तिखलं. कुळथाची पिठी. फणसाची सांदणं. आठळ्यांची भाजी. ओल्या काजूची उसळ... देवळात मी ज्या क्रमाने सांगितलं, त्याच क्रमाने. माझ्या मूळ फाइल्सना फोनने दिलेले नुसते आकडे होते, नावं नव्हती. आणि मधे एक फाइल : ‘ते मेलं सुंगटांचं’.

मी आधी काय केलं असेल? मंदारला झापलं. थट्टा करतोस? माझ्या आईच्या आजारपणाची थट्टा करतोस? तुझ्याकडेच होत्या का फाइल्स? तो रडकुंडीला आला. “ताई, सुंगटांचं काय ते मला स्वप्नात कळणार आहे का?” आणि खरंच, त्याला कोण सांगणार? देवळात मी आणि काका. काका साध्या फोनवर फक्त हिरवं बटण दाबतात. पासवर्ड माझ्याकडे आणि मंदारकडे. कुठून चढवल्या त्याची नोंद त्याने शोधली. एरवी प्रत्येक फाइलची असते म्हणे. यांची नव्हती.

मग त्याने पहिली लावली. “पाणी घालू नको गो, माशाला त्याचं सुटतं...” आईचा आवाज. मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले. मंदार दुकानाचं शटर अर्धं ओढून बाहेर जाऊन उभा राहिला.

घरी जाऊन टॅब आईसमोर धरला. तिने भिंतीकडचं तोंड वळवलं. पहिल्या वाक्याला ओठ हलले. एकामागून एक रेकॉर्डिंग संपत गेली, ती सगळ्यांबरोबर बोलत गेली. ते मेलं सुंगटांचं आलं तेव्हा तर तिने डाव्या हाताने हवेत फोडणी दिली. मी म्हटलं, जिंकलो! देव असो नसो, जो कुणी असेल त्याचं भलं होवो.

आणि मग शेवटची फाइल लागली. तिचं नाव ‘वगैरे’.

पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. आईच्या बांगड्या. खिडकीबाहेर कावळा. आमचंच स्वयंपाकघर, शंकाच नाही. आईचा श्वास ऐकू येतो, बोलण्याआधी घेतात तसा... आणि शब्द नाहीत. नंतर पुन्हा श्वास, पुन्हा शब्द नाहीत. मधेच माझा आवाज : “काय गं हे, आई!” आणि मी हसतेय. पोट धरून हसतेय. “असं कुणी म्हणतं का? पुन्हा सांग, पुन्हा सांग!” मग परत बांगड्या, परत श्वास, आणि मी परत हसतेय. माझं सगळं आहे. तिचं बोलणं तेवढं नाही.

मंदारने ती फाइल यंत्रावर तपासली. कुणी आवाज काढून टाकला असता तर मागचा कावळाही तुटला असता म्हणाला. कावळा अखंड आहे. खराब झालेली फाइल अशी निवडून एका माणसाचे शब्द खात नाही. तुम्हा लोकांना माझ्याकडून शास्त्रीय कारण ऐकायची सवय आहे, तर हे घ्या, माझ्याकडे कारण नाही. मंदारकडे नाही. ज्यांना विचारलं त्या कुणाकडे नाही.

काकांना फोन केला. म्हटलं, तुमच्या देवीने फसवलं मला.

“तिनं नाय गो. तू मागितलंस ता दिलान तिनं. वगैरे मागितलंस, वगैरे दिलान.” आणि पुढे म्हणाले, “नाव आन. परत घालूया गाऱ्हाना. पन नाव पायजे.”

नाव कुठून आणू? मला आठवत नाही. ते पाककृतीचं नाही, एवढं नक्की, कारण मी आईसमोर बसून मला माहीत असलेला प्रत्येक पदार्थ विचारून झालाय. खापरोळ्या? मान नाही. कालवं? नाही. कुणाची चहाडी? शेजाऱ्यांची? बाबांची गोष्ट? माझ्या लहानपणची? नाही, नाही, नाही. डाव्या हाताने ती काहीतरी गोल करून दाखवते. भाकरी? चंद्र? विहीर? ती कंटाळून हात खाली टाकते. तिला येतं ते सगळं पाठ. सांगता येत नाही. माझी जीभ चालते, आणि मला येत नाही.

आम्ही ते रोज दुपारी लावतो. बंद करायला गेले तर ती माझा हात धरते. बांगड्या वाजतात, कावळा ओरडतो, आणि आईचे ओठ हलायला लागतात. काहीतरी लांबलचक, रंगवून सांगते. मग जरा थांबते, मिश्कील डोळ्यांनी माझ्याकडे बघते, आणि नेमक्या त्या क्षणी टॅबमधली मी खो खो हसत सुटते. आई माझ्या तोंडाकडे बघत असते, म्हणून मीही हसते. खोटं. तिला ते कळतं.

त्या हॅकरचा राग आता तितकासा येत नाही. राग येतो तो टॅबमधल्या त्या बाईचा. तिने ऐकलंय सगळं. ती ‘पुन्हा सांग, पुन्हा सांग’ म्हणून मजेत हसतेय, आणि मेली मला सांगत नाही.